नळीनगरचा आवाज

माझा आवाज आमच्या सोसायटीने एकमताने ठराव करून ताब्यात घेतला. त्या ठरावाचा सूचक मीच होतो अशी इतिवृत्तात नोंद आहे, त्यामुळे तक्रार करायला मला फारशी जागा उरलेली नाही. तरीही घडलं ते सांगतो. ऐकून कोणी मला वेडा म्हटलं तरी हरकत नाही. तो निदान स्वतःच्या तोंडाने म्हणेल.

सगळं सुरू झालं ते आमच्या मुलीमुळे. शेफाली ॲनिमेशनचं काम करते, म्हणजे दिवसभर संगणकावर चित्रं काढते आणि ती हवी तशी हलत नाहीत म्हणून संध्याकाळी फोनवर आमच्यावर चिडते. तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी कसबा पेठेत एका तांबटाच्या दुकानावरची खोली घेतली आहे. खाली दिवसभर पातेल्यांवर हातोडे पडत असतात आणि वर ही मंडळी भविष्यकाळ रंगवत असतात. अशा जागी भविष्यकाळ तांब्याचाच निघणार. त्यांच्या चित्रपटाचं नाव 'नळीनगर'.

हा भविष्यकाळ आजच्या लोकांनी कल्पिलेला नाही. आमच्या लहानपणी मासिकांतून 'सन दोन हजारमधील जीवन' अशा थाटाचे लेख यायचे. त्यांत पंख फुटलेल्या मोटारी, गोल खिडक्यांची घरं आणि कपाटाएवढे रेडिओ असायचे. तो हा भविष्यकाळ. नळीनगरात सगळी माणसं एकाच अजस्र इमारतीत राहतात. जेवण नळीतून येतं, टपाल नळीतून येतं, माणसंही नळीतूनच कामावर जातात. प्रत्येक घरात तांब्याचा एक भोंगा असतो आणि त्यातून एक आवाज काय करायचं ते सांगतो. तो कधी ओरडत नाही, शिक्षा करत नाही. फक्त सांगतो, आणि माणसं तसं करतात. नळ्या पुसणारी एक मुलगी हा आवाज येतो कुठून ते शोधत शेवटी तळघरात पोचते. तिथे एक खुर्ची असते. खुर्ची रिकामी असते आणि समोरचा रेडिओ हाताला कोमट लागतो. मुलगी थोडा वेळ उभी राहते, मग वर जाते आणि पुन्हा नळ्या पुसायला लागते. संपला चित्रपट.

या आवाजासाठी दिग्दर्शकाने बरेच नट ऐकले. त्याला कोरडा, स्वच्छ आणि मायेचा लवलेश नसलेला आवाज हवा होता. शेफाली म्हणाली, असा एक आमच्या घरी पडून आहे. हे मी त्या वेळी कौतुक समजलो.

कौतुक समजायला कारणही होतं. खडकीच्या कारखान्यात मी हजेरी कार्यालयात होतो आणि तिथला ध्वनिक्षेपक माझ्या ताब्यात होता. 'टोकन क्रमांक अमुक यांनी ताबडतोब हजेरी कार्यालयात यावे' एवढं मी म्हटलं की तो माणूस हातातलं काम टाकून निघायचा. निवृत्तीनंतर घरात मी हाक मारली की कोणी निघत नाही, हा भाग वेगळा. ध्वनिमुद्रण आमच्याच घरी, कपड्यांच्या कपाटात झालं. भर उन्हाळ्यात मी दीपमालेच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, पैठणीखाली मान घालून उभा होतो. पंखे बंद, फ्रिज बंद, कुकर लावायला बंदी. त्या अंधारात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी म्हटलं, 'नागरिकहो, सरळ बसा. आपली काळजी घेतली जात आहे.' बाहेरून शेफालीचा दिग्दर्शक हळूच म्हणाला, 'बाप रे.' मला फार बरं वाटलं.

चित्रपट तयार झाला तेव्हा शेफालीला सामान्य प्रेक्षकांचे अभिप्राय हवे होते. असले चित्रपट जे चुकूनही बघत नाहीत अशा माणसांना तो दाखवायचा आणि त्यांना काय वाटलं ते ऐकायचं. लोक घाबरले पाहिजेत, घाबरले नाहीत तर आपलं काही तरी चुकलं, असं ती म्हणत होती. अशी माणसं एका ठिकाणी कुठे मिळतील याचा तिला फार विचार करावा लागला नाही.

आमची सोसायटी मांजरीला आहे. बिल्डरने आप्पासाहेबांचा ऊस काढून ती बांधली आणि तिला 'केन ग्रोव्ह' असं नाव दिलं. आप्पासाहेब स्वतः तळमजल्यावर राहतात आणि अजून तिला 'फडातली बिल्डिंग' म्हणतात. कंपाउंडच्या पलीकडे त्यांचा थोडा ऊस शिल्लक आहे. वारा सुटला की तो रात्रंदिवस कुजबुजतो आणि आमच्याकडचे लोक त्याबद्दलही कमिटीकडे तक्रार करतात.

क्लबहाऊस मिळवायला मी सेक्रेटरी रंगरावांकडे गेलो. रंगराव नियमाने चालणारे गृहस्थ आहेत. नियमाप्रमाणे हॉल चारच गोष्टींसाठी मिळतो: बारसं, वाढदिवस, हळदीकुंकू आणि शोकसभा. हा कार्यक्रम नेमका कशात बसतो, असं त्यांनी विचारलं. मी कथानक सांगितलं. त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "मग शोकसभेतच घालू या."

अशी बोर्डावर सूचना लागली: रविवारी दुपारी शोकसभा, आयोजक श्री. दिगंबर खरवंडीकर. सकाळपासून लोक आमच्याकडे येऊन दीपमालेचा हात हातात घेऊन बसू लागले. मी दार उघडलं की जरा दचकत. समोरच्या इंदुबाईंनी पिठल्याचं पातेलं आणून दिलं आणि मला जिवंत बघितल्यावरही ते परत नेता येत नाही म्हणून ठेवून गेल्या. सल्ल्यांचंही असंच, आले ते ठेवून घ्यावे लागले. मध्यंतर ठेवा, नाही तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं. कार्टून आहे तर मुलांना पुढे बसवा. शोकसभा आहे तर फरसाण नको, चहा चालेल, पण बिस्किटाशिवाय. खिडक्या झाकायला प्रत्येक घरातून एकेक चादर आली. फुलाफुलांच्या चादरींनी केलेल्या अंधारात अख्खी सोसायटी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली. काही जण पांढऱ्या कपड्यांत होते.

चित्रपट सुरू झाला आणि थोड्याच वेळात माझा आवाज आला. 'नागरिकहो, सरळ बसा.'

अंधारात सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. पडद्यावरची माणसं सरळ बसली होती आणि हॉलमधलीही. मी बाजूला बघितलं. इंदुबाईंची पाठ भिंतीसारखी ताठ होती. मग माझ्या लक्षात आलं की माझीही आहे. पुढे आवाज म्हणाला, 'दिवे मालवा', तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यातला दिवा कोणी तरी घालवला. शेफालीने माझा हात धरला. तिला वाटलं, लोक गुंतले. मला काय वाटलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आपलंच पोट आपल्याला न विचारता गुरगुरावं तसं काहीसं होतं.

चित्रपट संपला, दिवे लागले, आणि माझ्या हातून ती चूक झाली. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम आभारप्रदर्शनाशिवाय संपत नाही आणि कुठलंही आभारप्रदर्शन ठरलेल्या वाक्याशिवाय संपत नाही. व्याख्यान मधुमेहावर असो नाही तर गांडूळखतावर, शेवटी तेच वाक्य येतं. जन्मभर म्हणत आलो म्हणून मीही माइक घेऊन म्हणून टाकलं की, आज आपण जे पाहिलं त्यातून सर्वांनी बोध घ्यावा आणि तो आपल्या सोसायटीत प्रत्यक्ष आचरणात आणावा. कारखान्यातल्या आवाजात म्हटलं. नुकताच तासभर ऐकलेला आवाज. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसत्या माना हलवल्या. रंगराव वहीत काही तरी लिहीत होते.

मग शेफाली फोन समोर धरून एकेकाचा अभिप्राय घ्यायला बसली. रंगराव म्हणाले, फार उद्बोधक. एवढ्या मोठ्या इमारतीत एकही गाडी आडवी लावलेली दिसली नाही. इंदुबाईंना नळ्यांची स्वच्छता आवडली. आमच्याकडे जिना पुसते तिला हा चित्रपट दाखवा, असं त्यांनी सुचवलं. आठव्या मजल्यावरचा चेतन म्हणाला की तिथे लिफ्ट एकदाही बंद पडली नाही, हे दिग्दर्शकाने ठळकपणे दाखवायला हवं होतं. रिकाम्या खुर्चीबद्दल काय वाटलं, असं शेफालीने मुद्दाम विचारलं. तेव्हा रंगराव कौतुकाने म्हणाले, "म्हणजे मानधनही द्यावं लागत नाही."

ऋषी हा आमचा आयटीतला तरुण सभासद. तो म्हणाला, "काका, ऑनेस्टली सांगू? व्हिज्युअल्स टॉप आहेत, पण तुमचा व्हॉइस हाच रिअल हीरो आहे. असलं काही तर आपल्याकडे इझिली सेट होईल."

सगळ्यात शेवटी आप्पासाहेबांच्या बायडाबाई राहिल्या. आप्पासाहेब झोपले होते. बायडाबाईंनी पदर सावरला आणि शेफालीला विचारलं, "पोरी, त्या गावात कुनी कुनाला हाक मारत न्हाई गं. तोंड हाय की न्हाई त्यांस्नी?" शेफालीचा चेहरा उजळला. तेवढ्यात बायडाबाई पुढे म्हणाल्या की बाकी बरं हाय, भांडनं न्हाईत.

परत जाताना शेफाली गेटपाशी थांबली. ऊस वाजत होता. ती म्हणाली, "बाबा, एकालाही भीती वाटली नाही. त्यांना ते शहर आवडलं." मी तिला धीर दिला. लोकांना कळायला वेळ लागतो म्हणालो. लोकांना चांगलंच कळलं होतं, हे मला पुढच्या आठवड्यात समजलं.

बिल्डरने आगीच्या सूचनेसाठी प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात एक स्पीकर बसवून दिलेला आहे. फ्रिजच्या वर, भिंतीत, एवढीशी जाळी. आग लागली नाही म्हणून तो कधी वाजला नव्हता. कमिटीने एकमताने ठराव केला की या यंत्रणेवरून श्री. खरवंडीकर यांनी रोज सूचना द्याव्यात. मला बोलवायला स्वतः रंगराव घरी आले. खोटं कशाला बोलू, मी इस्त्रीचा शर्ट घालून सोसायटीच्या ऑफिसात गेलो. 'सर्व सभासदांनी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा.' एवढं म्हणून खिडकीतून पाहिलं तर सगळ्या गॅलऱ्यांत माणसं दोन दोन डबे घेऊन उभी होती. ज्या इमारतीत बारशाला कोणी वेळेवर येत नाही त्या इमारतीत. मला नोकरीतले दिवस आठवून भरून आलं.

काही दिवसांनी माझा घसा धरला. सकाळी मी बेसिनपाशी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होतो. तोंड भरलेलं होतं. आणि स्वयंपाकघरातून मी बोललो, 'सुप्रभात. बी विंगच्या सभासदांनी गच्चीवरचे कपडे काढून घ्यावेत. आपली काळजी घेतली जात आहे.'

मी आरशात बघितलं. तोंड माझं मिटलेलं होतं. पाणी गिळलं गेलं.

दीपमाला गच्चीवरचे कपडे आणायला निघालीसुद्धा होती. मी तिला थांबवून म्हटलं, अगं, मी इथे आहे, मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "असू दे हो, कपडे तर वाळलेत." आणि गेली.

ऋषीने चित्रपटातला आवाज घेऊन तो संगणकाला शिकवला होता. काकांना त्रास नको, असा त्याचा शुद्ध हेतू होता. आता लिहून दिलं की यंत्र माझ्या आवाजात बोलतं. खोकला नाही, खाकरणं नाही, वाक्याच्या शेवटी मला लागतो तो दमही नाही. मी विचारलं, यात मला विचारायचं कोणाला सुचलं नाही का? तो अगदी गोंधळून म्हणाला, "पण काका, तुम्हीच प्रपोज केलेलं ना?"

त्यानंतर माझं सोसायटीतलं फिरणं अवघड झालं. चेतन मला लिफ्टमध्ये भेटला की खाली बघायचा, कारण म्हणे मी त्याला मुलाला मारू नये असं सांगितलं होतं, तेही बरोबर तो हात उगारत असताना. इंदुबाईंनी माझे आभार मानले, कारण मी त्यांना त्यांच्या धाकट्या बहिणीशी बोलायला लावलं होतं. त्यांना बहीण आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी ऋषीला गाठून विचारलं की ही असली वाक्यं कोण लिहून देतं? त्याने जरा मान खाजवली. सुरुवातीला कमिटी द्यायची, आता कोणीच देत नाही, सिस्टिम स्वतःच बनवते, लोक घरात काय बोलतात त्यावरून, असं तो म्हणाला. स्पीकरमधून आवाज आत येतो तसा बाहेरही जातो, हे मला त्या दिवशी कळलं. बंद कर, म्हटलं. तो म्हणाला, लोक रेटिंग चांगलं देताहेत.

दुपारी सोसायटी विलक्षण शांत असायची. पूर्वी कोणी तरी दारात भाजीवाल्याशी घालून पाडून बोलत असायचं, कुठे तरी ड्रिल चालू असायचं. आता एक सूचना यायची आणि सगळी दारं एकदम लागायची. मी गॅलरीत उभा राहून बघायचो. समोरच्या सगळ्या गॅलऱ्यांत एकाच वेळी झाडांना पाणी घातलं जायचं आणि एकाच वेळी थांबायचं. कोणी कोणाकडे बघत नसे. नुसता ऊस तेवढा वाजायचा. मला भीती वाटू लागली होती, आणि माझ्या वयाच्या माणसाला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटते हे सांगायचं कोणाला, हा प्रश्न होता.

घरात तर त्याहून वेगळं. मी काही म्हटलं की दीपमाला 'हं' म्हणायची. तिकडून काही आलं की 'हो' म्हणायची. दोन्हींतला फरक चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कळतो. एकदा मी चहा मागितला तर तो आला नाही. थोड्या वेळाने स्पीकर म्हणाला, 'दीपमालाताई, चहाची वेळ झाली', आणि ती उठली. दोन कप आणले, हे मी मान्य करतो. पण कप ठेवताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मला घरातूनच काढून टाकल्यासारखं वाटलं, आणि माझी जागा रिकामीही नव्हती.

मी रीतसर तक्रार करायचं ठरवलं. रंगरावांनी इतिवृत्त काढून दाखवलं. आभारप्रदर्शनातलं माझं वाक्य तिथे सूचना म्हणून नोंदलेलं होतं. सूचक: श्री. खरवंडीकर. सूचकाला आपलीच सूचना अशी मागे घेता येत नाही. ती विशेष सर्वसाधारण सभेतच मागे घेता येते आणि सभेची मागणी तक्रार क्रमांकावर तोंडी नोंदवावी लागते. मी तो क्रमांक फिरवला. पलीकडून मीच म्हणालो, "नमस्कार. आपली तक्रार सांगावी."

मी सांगायला लागलो. आवाज चढला. पलीकडून मी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणालो, "आपल्याला त्रास होत आहे हे समजले. आपण थोडे बसून घ्यावे."

मी बसलो. बसल्यावर मी फोन ठेवून दिला.

चौकीतही जाऊन आलो. तिथले साहेब सज्जन होते. आवाज कोणाचा, त्यांनी विचारलं. माझा. तक्रारदार कोण? मी. कोणाविरुद्ध? यावर मी पुन्हा स्वतःकडेच बोट दाखवलं. त्यांनी पाणी दिलं आणि घरी कोणी आहे का, असं विचारून आमच्याकडे फोन लावला. तो दीपमालेने घेतला असावा, पण मागून स्वयंपाकघरातून माझा आवाज ऐकू आला. साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "अहो, ते तर घरीच आहेत." मग माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. मी उठून आलो.

शेवटी शेफालीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. तिच्या खोलीखालच्या हातोड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "तुला अभिप्राय हवा होता ना, आता माझा लिहून घे. मला भीती वाटली. तुझा चित्रपट बघून नाही, तो संपल्यावर." मग ती म्हणाली, "येते मी."

फोनवर मी केलेली मागणी नोंदली गेली होती, त्यामुळे विशेष सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी भरली. हॉलच्या यादीत सभेचंही नाव नसल्यामुळे तीही शोकसभेतच घातली होती. मी उभा राहून माझी बाजू मांडली. घसा अजून बसलेलाच होता, त्यात राग. लोक अस्वस्थपणे चुळबुळ करू लागले. मागून कोणी तरी म्हणालं, हे खरवंडीकर आहेत कशावरून, खरवंडीकर असे बोलत नाहीत. दुसरं कोणी म्हणालं, ते किती सभ्यपणे बोलतात. मी म्हटलं, ते म्हणजे कोण? मीच ना? रंगरावांनी मला खाली बसायची खूण केली आणि प्रश्न रीतसर सोडवायचं ठरलं. पडद्याआडून दोन्ही आवाजांनी एकच वाक्य बोलायचं, पहिला कोण आणि दुसरा कोण ते सांगायचं नाही, आणि खरे खरवंडीकर कोणते ते सभासदांनी हात वर करून ठरवायचं. ज्याला बहुमत त्याचा आवाज चालू राहील, दुसऱ्याने सूचना देणं बंद करावं. शेफाली चिडून उठली. हे काय चाललंय, ते माझे वडील आहेत, असं म्हणाली. सभासद नसल्यामुळे तिचं बोलणं इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

दोन चादरी बांधून पडदा केला. मागे मी, आणि ऋषीचा लॅपटॉप. शेजारी शेजारी. पहिली पाळी माझी आली. मी सगळं बळ एकवटलं, खडकीच्या कारखान्यातले सगळे दिवस आठवले आणि म्हटलं, "नमस्कार. मी दिगंबर खरवंडीकर." मध्येच कफ आला. बाहेर कोणी तरी हसलं.

मग लॅपटॉप म्हणाला, "नमस्कार. मी दिगंबर खरवंडीकर."

खरं सांगतो, फार सुरेख म्हणाला. क्षणभर मलाही वाटलं की हाच तो. असा मी कधी तरी असावा, निदान असायला हवा होतो.

हात वर करायला सांगितले तेव्हा मी चादरींच्या फटीतून बघितलं. पहिल्या आवाजासाठी शेफालीचा हात वर होता. तो मोजायचा नव्हता. बायडाबाईंनीही आधी हात वर केला, पण आप्पासाहेबांकडे बघून खाली घेतला. दुसऱ्या आवाजासाठी मग खुर्च्यांच्या सगळ्या रांगांतून हात उठले, सरळ, एका उंचीवर, आणि त्यांत तिसऱ्या रांगेत दीपमालेचा हात होता. हिरव्या बांगड्या मी ओळखल्या. मला वाटलं, तिची चूक झाली असेल. आवाज हुबेहूब आहे, तिचा काय दोष, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शेफाली लगेच निघाली. जाताना तिने माझा हात दाबला. घरी आल्यावर दीपमालेने कुकर लावला आणि कोथिंबीर निवडायला घेतली. मी खुर्चीवर बसलो. दोन शिट्ट्या होईपर्यंत थांबलो, मग म्हटलं, "पडद्यामागचा पहिला आवाज माझा होता. तुला ओळखता आला नाही, त्याचं मला वाईट वाटत नाहीये."

"ओळखला की," ती म्हणाली. "पहिल्याच शब्दाला ओळखला. इतकी वर्षं खाकरणं ऐकतेय."

"मग हात?"

ती काड्या वेगळ्या करत राहिली. रागावलेली नव्हती. शरमलेलीही नव्हती. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "ते रोज मला विचारतात, जेवलात का म्हणून. बंद झालं असतं हो."

मी फ्रिजवरच्या जाळीकडे बघितलं. जाळी गप्प होती. बाहेर सगळ्या इमारतीत त्या वेळेची शांतता होती. मी उठलो आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. घसा बसलेलाच होता, पण एवढ्यापुरता तो साथ देईल असं वाटलं. जमेल तितक्या हळू मी विचारलं, "दीपमाला, जेवलीस का?"

तिने मागे वळून पाहिलं नाही. मान वर केली, जाळीकडे बघून हसली आणि म्हणाली, "अजून नाही. बसतेच आता."